आधी आम्हाला गाडीत बसताना बघा

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतल्या चारचाकी शोरूमचे मालक, सेल्स मॅनेजर आणि दिवसभर उभं राहून गाड्या दाखवणारी मुलंमुली यांना,

स. न. वि. वि.

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीतल्या एका मैत्रिणीबरोबर गाडी बघायला गेले होते. मैत्रीण ६२ वर्षांची. सहा महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली, आणि आता डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली आहे. शोरूममधला मुलगा वागायला फार चांगला होता. पाणी दिलं, चहा विचारला, नवीन गुडघ्याची चौकशीही केली. मग त्याने बॉनेट उघडून इंजिन दाखवलं, डिकीत किती बॅगा मावतात ते सांगितलं, सनरूफ दोनदा उघडून बंद करून दाखवलं. शेवटी म्हणाला, "काकू, बसून तर बघा." आणि ती बसायला लागली तेव्हा तो किमतीचा कागद आणायला आत गेला.

तिने एका हाताने दार धरलं, दुसरा स्टिअरिंगवर टाकला, डावा पाय आत घेतला आणि शेवटचं वीतभर अंतर अंग धपकन सोडून दिलं. उजवा पाय बाहेरच राहिला. तो तिने दोन्ही हातांनी मांडीखालून उचलून आत ओढला. मुलगा कागद घेऊन परत आला तेव्हा ती हसून सीटवर बसलेली होती. त्याला वाटलं, गाडी पसंत पडली.

ही गाडी तिच्या कामाची नाही हे त्या दहा सेकंदांत स्पष्ट दिसलं होतं. बघायला तिथे मीच तेवढी होते. म्हणून हे पत्र.

मी ५७ वर्षांची, मानपाड्याला राहते, नोकरी महापेला. अकरा वर्षांपूर्वी मला आमवात निघाला. डॉक्टर त्याला रुमेटॉइड आर्थरायटिस म्हणतात. बोटांची पेरं, दोन्ही मनगटं आणि डावा गुडघा ही माझी दुखरी ठिकाणं. औषधं नियमित आहेत, आजार बराचसा आटोक्यात आहे, पण सकाळ अवघड जाते. झिजेच्या संधिवातात सांधे सकाळी आखडले तरी सहसा अर्ध्या तासाच्या आत मोकळे होतात. आमवातात तास-तासभर, कधी त्याहून जास्त वेळ हात माझे नसतातच. डब्याचं झाकण यजमान उघडून देतात. त्यांनी डोळ्यांच्या त्रासामुळे गाडी चालवणं सोडलंय, म्हणून घरातली चालक मी एकटी. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणं, नेरूळला नणंदेकडे असलेल्या सासूबाईंना भेटून येणं, माझं ऑफिस, सगळं त्या एका गाडीवर. ट्रान्स-हार्बर लोकलने जाऊन पाहिलं. ठाणे स्टेशनचा पूल चढून, उतरून, गर्दीत दांडी धरून उभं राहायचं म्हणजे उरलेला दिवस बिछान्यात. तेव्हा कुणी मला "या वयात गाडी कशाला" म्हणालं की मला खरंच राग येतो. माझं कामावर जाणं आणि न जाणं यांच्यामध्ये ती गाडी उभी आहे.

आता तुमच्याकडून घेतलेल्या गाडीबद्दल. कुठल्या शोरूमची ते लिहीत नाही. कुठल्याही शोरूममध्ये हेच घडलं असतं असं मला वाटतं.

माझी जुनी गाडी गिअरची, छोटी आणि बसकी होती. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून क्लच दाबून दाबून डावा गुडघा सुजायला लागला. एका सकाळी मानपाडा ते कापूरबावडी एवढ्या टप्प्यात मी क्लच किती वेळा दाबते ते मोजलं, ६१ वेळा. पुढे माजिवडा, कळवा, विटाव्याचा पूल, दिघा, ऐरोली हे सगळं बाकीच होतं. त्याच आठवड्यात शोरूम गाठलं. संधिवात आहे एवढं ऐकून मला सल्ला मिळाला, "काकू, उंच गाडी घ्या, गुडघ्याला बरी पडते. आणि ऑटोमॅटिक घ्या, पायाला आराम." संध्याकाळी चार वाजता दहा मिनिटांची ट्रायल झाली. संध्याकाळी चारला मी अगदी ठीक असते. दसऱ्याला डिलिव्हरी झाली, बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू, हातात पुठ्ठ्याची मोठी किल्ली देऊन फोटो. चौदा महिन्यांनी नुकसान सोसून ती गाडी विकली.

सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला 'उंच' आणि 'ऑटोमॅटिक' हे दोन शब्द शिकवलेले होते, ते त्याने मला दिले. त्या दोन शब्दांच्या पोटात काय काय असतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते.

उंचीचं आधी. बसकी गाडी वाईट, कारण तीत अंग सोडावं लागतं आणि उठताना मांड्यांनी सगळं वजन उचलावं लागतं. म्हणून जितकी उंच तितकी चांगली असं मात्र होत नाही. माझी उंची ५ फूट १ इंच. त्या गाडीची सीट मी नंतर मोजली, जमिनीपासून ७१ सेंटिमीटर. एवढ्यावर मी बसत नव्हते, चढत होते. चढताना स्टिअरिंगला लोंबकळत होते, म्हणजे गुडघ्याचा भार मनगटांवर गेला. उतरताना उजवा पाय जमिनीला टेकेपर्यंत सगळं वजन आत वाकून राहिलेल्या डाव्या गुडघ्यावर. शिवाय दाराखालचा उंबरा इतका रुंद की पाय वरही उचलायचा आणि लांबही टाकायचा. पावसाळ्यात त्या उंबऱ्याचा चिखल साडीला किंवा सलवारीला लागायचा तो वेगळाच.

तुमच्या माहितीपत्रकात ग्राउंड क्लिअरन्स मिलिमीटरमध्ये असतो, डिकीची जागा लिटरमध्ये असते. सीट जमिनीपासून किती उंच, हा आकडा मला आजवर एकाही पत्रकात सापडलेला नाही. माझ्यासारख्या माणसाला सगळ्यात आधी तोच लागतो.

तो आकडा काढायची रीत मला माझ्या फिजिओथेरपिस्टने शिकवली. जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची घ्यायची, आमची ४५ सेंटिमीटरची आहे. तिच्यावरून हात न टेकता उठून बघायचं. जमलं नाही तर एक सतरंजी घडी करून ठेवायची, परत उठायचं. मग आणखी एक घडी, मग पाट. हे सकाळी उठल्या उठल्या करायचं, दुपारी नाही. मी ५६ सेंटिमीटरला हात न टेकता उठले. ६३ च्या वर गेल्यावर टाचा जमिनीवरून सुटायला लागल्या. म्हणजे माझी गाडी ५६ ते ६३ च्या मधली. वीस मिनिटांचं काम होतं. कुठलीही गाडी घेण्याआधी ते केलं असतं तर माझे दोन-अडीच लाख वाचले असते. प्रत्येकाचा आकडा वेगळा येणार. माझ्या उंच भावाला जी गाडी बसकी वाटते ती मला नेमकी बसते.

आता 'ऑटोमॅटिक'. तुमच्या तोंडी हा एक शब्द आहे, आमच्या सांध्यांना ती चार-पाच निरनिराळी यंत्रं आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे एएमटी. आपल्याकडे ती २०१४ मध्ये सेलेरिओपासून आली आणि तिने हजारो लोकांची क्लचपासून सुटका केली, हे खरंच मोठं काम झालं. पण एएमटी म्हणजे नेहमीचाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच क्लच, फक्त पायाऐवजी मोटर तो दाबते. म्हणून गिअर बदलताना मानेला हलका झटका बसतो. मान किंवा पाठ धरलेल्या माणसाला तो तासभर बसत राहिला की जाणवतो. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बहुतेक एएमटी गाड्यांत 'पी' म्हणजे पार्किंगची खूण नसते. गाडी उभी केली की हँडब्रेक ओढावाच लागतो.

माझा खरा छळ तिथे झाला. आमचं पार्किंग पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या जमिनीपासून वर उचललेल्या मजल्यावर, वर जायला उताराचा रस्ता. तिथे समोरून गाडी आली की थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, मग निघताना अंगठ्याने त्याच्या टोकाचं बटण दाबून, दांडा थोडा वर उचलून खाली सोडायचा. सकाळी सव्वाआठला माझ्या अंगठ्यात ते बटण दाबण्याइतकं बळ नसतं. मी डावा अंगठा बटणावर ठेवून उजव्या तळव्याने वरून दाबायची, म्हणजे दोन्ही हात स्टिअरिंगवरून सुटलेले, उतारावर, मागे कुणाची तरी गाडी. एकदा मागची गाडी हॉर्न वाजवत राहिली आणि मी तिथेच रडले. क्लच गेला, गुडघा सुटला, आणि त्याची सगळी किंमत अंगठ्याने भरली. ट्रायलच्या दिवशी हँडब्रेक तुमच्या मुलानेच लावला आणि काढला होता.

ऑटोमॅटिकचे बाकीचे प्रकार असे. सीव्हीटीत पट्टा आणि पुल्ली असतात, गिअरचे टप्पेच नाहीत, म्हणून ती मऊ चालते. टॉर्क कन्व्हर्टरचीही चाल गुळगुळीत, आणि या दोन्हींत 'पी' असतो. दोन क्लचची डीसीटी चटकन गिअर बदलते. विजेच्या गाडीत गिअर बदलायची भानगडच नाही. आयएमटी नावाचा प्रकार २०२० पासून आपल्याकडे आला, त्यात क्लचचं पेडल नाही पण गिअर हातानेच टाकायचा असतो. ज्याचा डावा गुडघा दुखतो आणि हात चांगले आहेत त्याला ती चालेल, मला नाही चालणार. आणि एवढं सगळं असून माझ्या मैत्रिणीचा तर उजवा गुडघा. तिला कुठलीही ऑटोमॅटिक दिलीत तरी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर उजव्याच पायाने दाबायचे आहेत. तिच्यासाठी बघायचं ते हे की ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा किती वर आहे, दर वेळी पाय उचलावा लागतो की टाच जागेवर ठेवून नुसता वळवता येतो, पेडल किती कडक आहे, आणि सिग्नलला गाडी स्वतः ब्रेक धरून ठेवते का. त्याला ऑटो होल्ड म्हणतात. कापूरबावडीच्या सिग्नलला उभं राहिल्यावर त्याची किंमत कळते.

असंच प्रत्येक सांध्याचं आहे. खांदा धरलेल्या माणसाला मागे हात नेऊन सीटबेल्ट ओढता येतो का ते बघा. मान वळत नसेल तर मागचा कॅमेरा ही चैन राहत नाही. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर किल्ली पिळण्यापेक्षा बटणाने गाडी सुरू होणं बरं, आणि बाहेरचं हँडल बोटांनी वर उचलायच्या पट्टीचं नको, अख्खी मूठ मावणारं हवं. स्टिअरिंगची कडी बारीक असली की बोटं जास्त आवळावी लागतात. जाड कव्हर घातलं की फरक पडतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, चुकून कळलं. सीटच्या कडा वर आलेल्या असल्या की दिसायला रुबाबदार दिसतात, पण माझ्यासारखीला त्यावरून सरकता येत नाही. मोठ्या अलॉय व्हीलला रबराचा थर कमी असतो आणि प्रत्येक खड्डा मनगटापर्यंत पोचतो. पावसाळ्यातला ठाणे-बेलापूर रोड तुम्हाला माहीत आहे, जास्त लिहीत नाही.

बसायची रीतही आहे, आणि ती तुमच्या मुलांना माहीत असायला हवी. एक पाय आत टाकून अंगाला पीळ द्यायचा नाही. गाडीकडे पाठ करायची, सीटवर आधी बसायचं, मग दोन्ही पाय जोडून एकदम आत वळवायचे. उतरताना उलटं. मी सीटवर जुन्या रेशमी साडीचा घडी केलेला तुकडा ठेवते, त्यावर अंग सहज फिरतं. बसल्यावर तो काढून बाजूला टाकते, कारण ब्रेक मारल्यावर सीटवरून घसरायला नको. पण असं वळायला दार पूर्ण उघडावं लागतं. तुमच्या शोरूममध्ये ते सताड उघडतं, दोन्ही बाजूंना ऐसपैस फरशी असते. आमच्या पोडियमवर माझ्या जागेला लागून खांब आहे. तिथे दार अर्धंच उघडतं. अशा खांबाला लागून किंवा दोन गाड्यांच्या मध्ये अंग चोरून गाडी लावणारी माणसं घणसोलीपासून कासारवडवलीपर्यंत भरलेली आहेत.

मैत्रिणीने त्या मुलाला सीट वर-खाली होते का विचारलं. होते, म्हणाला, पण वरच्या व्हेरियंटमध्ये. स्टिअरिंग पुढे-मागे होणं, बटणाचा पार्किंग ब्रेक, ऑटो होल्ड, सगळं त्याच्याही वरच्या व्हेरियंटमध्ये, सनरूफच्या आणि रंगीत दिव्यांच्या सोबत. हे तुम्ही ठरवत नाही, कंपनी ठरवते, मला कळतं. पण कंपनीला कळवणारे तुम्हीच आहात. ज्या बाईला सीट चार बोटं वर हवी आहे तिला त्यासाठी सनरूफ विकत घ्यायला लावू नका, हे एकदा तरी वर लिहून पाठवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यातून वाचलेले पैसे ग्राहकाने कशात घालावेत हे सांगायची वेळ येते तेव्हा समोरच्याचे हात एकदा बघा.

सवलतीचं विचारलं की तुमच्याकडून उत्तर येतं, दिव्यांग प्रमाणपत्र आणा. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के दिव्यांगत्व ही रेघ आहे. आमच्यातले कितीतरी त्या रेघेच्या अलीकडे राहतात. आमचा आजार कागदावर एका आकड्यात बसत नाही, मंगळवारी वेगळा असतो आणि शुक्रवारी वेगळा. मला सवलत नकोच आहे. ज्यांना गाडीत बदल करून घ्यावा लागतो, हाताने चालणारा ब्रेक किंवा डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर, त्यांना आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. ती माहिती तुमच्या काउंटरवर एका कागदावर छापून ठेवा. ठाण्याच्या आरटीओत विचारा म्हणून वाटेला लावू नका.

आणि एक गोष्ट आमच्या बाजूनेही. ज्या सकाळी उभ्या गाडीत ब्रेक तळापर्यंत, सगळ्या जोराने दाबता येत नाही, त्या सकाळी मी गाडी काढत नाही. ऑफिसला फोन करते आणि रिक्षा बघते. रस्त्यावर दुसऱ्याचीही मुलं चालत असतात. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला हे विचारायला संकोच करू नका. ट्रायल सुरू करायच्या आधी गाडी उभी असतानाच त्याला ब्रेक पूर्ण दाबायला सांगा. कुणाला अपमान वाटणार नाही.

एक मात्र वाटतो अपमान, तोही सांगून टाकते. गाडी मी चालवणार असते आणि तुम्ही बोलता यजमानांशी. ते नसले तर बरोबर आलेल्या भाच्याशी. भाचा पुण्याला राहतो.

माझं मागणं फार नाही. घरी ट्रायलची गाडी पाठवायची पद्धत तुमच्याकडे आहेच. ती गाडी सकाळी आठला पाठवा, आणि तासभर राहू द्या. आमच्या जागेत आम्हाला लावू द्या, काढू द्या, पोडियमच्या उतारावर थांबवू द्या, हँडब्रेक आम्हालाच ओढू द्या. पाच वेळा बसू-उतरू द्या, कारण पहिल्या वेळी सगळ्यांनाच जमतं, पाचव्या वेळी खरं कळतं. तुमचा माणूस शेजारी बसण्याऐवजी बाहेर उभा राहू दे आणि नुसता बघू दे. हात कुठे टेकला, अंग कुठे सुटलं, पाय कोणता मागे राहिला, हे त्याने बघितलं की पुढचं त्याला कुणी शिकवावं लागणार नाही. आणि शोरूममध्ये प्रत्येक गाडीच्या काचेवर जी किमतीची पाटी लावता तिच्यावर चार ओळी वाढवा. सीटची जमिनीपासून उंची, सीट वर-खाली होते का, 'पी' आहे का, पार्किंग ब्रेक दांड्याचा की बटणाचा. एका दुपारचं काम आहे, टेप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

मी आता विजेवरची एक छोटी गाडी चालवते. सीट ६० सेंटिमीटर, पार्किंग ब्रेक बटणाचा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की वेग आपोआप उतरतो. ती मी स्वतः टेप घेऊन शोधली, त्यात दीड महिना गेला. चार्जरसाठी सोसायटीची परवानगी काढायला आणखी दोन महिने. मैत्रिणीकडे एवढी ताकद नाही, आणि तिला एवढं करावं लागू नये.

तिने अजून गाडी घेतलेली नाही. परवा आम्ही तिच्या स्वयंपाकघरात सतरंजीच्या घड्या घालून तिचा आकडा काढला, तो ५८ ते ६५ आला. उजवा गुडघा, हात चांगले, उंची ५ फूट ३ इंच, पार्किंग तळमजल्यावर पण दोन गाड्यांच्या मध्ये. कुठल्याही सकाळी आठ ते नऊ ती मोकळी असते. गाडी घेऊन कोण येतंय ते आदल्या दिवशी कळवा. मी गेटवर उभी राहीन, टेप माझ्याकडे आहे.

आपली,
एक ग्राहक
मानपाडा, ठाणे